आबांना दाराशी बसवलं ती रात्र

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आई अजून आहे, तिलाही नाही. एकदा एका मित्रासमोर अगदी जिभेवर आलं होतं — मी खोकलो, पाणी प्यायलो आणि पावसापाण्याचं बोलायला लागलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि ओळखत असाल, तर जे ओळखता ते खोटं आहे.

आमचं गाव बिलोलीकडचं. गावात मला श्रावणबाळ म्हणतात. थट्टेनं नाही हो, मनापासून. पारावर बसलेली म्हातारी माणसं मला बघून आपल्या पोरांना सांगतात, 'बघ, शिक जरा त्याच्याकडून.' आणि मी काय करतो? मान खाली घालतो, हसतो. ते हसू मी आता इतक्या वर्षांत चांगलं बसवलंय. नम्र माणसाचं हसू. घरी येऊन आरशात बघितलं की थुंकावंसं वाटतं.

आधी आबांचं सांगतो. आबा म्हणजे माझे वडील. शेती करायचे, पण शेतात चिखल तुडवून आलेला माणूस असा कधी दिसला नाही. विहिरीवर अंघोळ करून, धोतर बदलूनच गावात शिरायचे. धोतराला नीळ ते स्वतः द्यायचे, आईच्या हातची पसंत पडायची नाही. जेवताना डाळीचा एक थेंब अंगावर पडला तर उठून धुऊन यायचे, मग पुढचा घास. गावात त्यांना 'बगळा' म्हणायचे, पांढरा स्वच्छ म्हणून. अशा माणसाला आतड्याचा कॅन्सर झाला.

नांदेडला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून पिशवी लावली. शौचाची पिशवी. पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढलेलं — लाल, ओलं — आणि त्यावर चिकटवलेली प्लास्टिकची पिशवी. कधी भरेल त्याचा नेम नाही, माणसाच्या हातात काहीच राहत नाही. आबांनी पहिल्यांदा ती बघितली तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून झोपले.

पिशवी आई साफ करायची. मी तेव्हा लातूरला एका क्लासमध्ये नुकताच लागलो होतो. बायोलॉजी शिकवायचो — मजा बघा. पचनसंस्था हा माझा हातखंडा. फळ्यावर रंगीत खडूनं मोठं आतडं असं काढायचो की पोरं मोबाईलवर फोटो काढून ठेवायची. फळ्यावरच्या आतड्याला वास नसतो ना.

पुढच्या उपचारांसाठी मुंबईच्या दवाखान्यात बोलावलं होतं. आई म्हणाली, मी येते. मी नको म्हटलं. कशाला? मी आहे की. खरं सांगू? लुगड्यातली आई, तिचं बोचकं, तिचं ते जोरजोरात बोलणं — मुंबईत हे सगळं कुठं मिरवायचं, असं वाटलं होतं मला. आई आबांना घेऊन एसटीनं लातूरला आली, माझ्या खोलीवर. तिनं मला सगळं दाखवलं. कोमट पाणी घ्यायचं, कापसानं हळू पुसायचं, कोरडं झालं की मग नवी पिशवी, कडा बोटानं दाबायच्या. मी 'हो हो, कळलं' म्हणत होतो आणि तोंडानं श्वास घेत होतो. मग बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि ओकलो. नळाच्या आवाजात ऐकू जाणार नाही असं मला वाटलं. बाहेर आलो तर आबा सदऱ्याची बटणं लावत होते, माझ्याकडं न बघता. आई म्हणाली, 'जमंल ना रे?' आबाच मधे बोलले — 'जमतंय त्याला. लेक हाय माझा.'

जानेवारी होता. लातूरहून मुंबईची रात्रीची गाडी, स्लीपरचा डबा. आमचे दोन बर्थ साइडचे — खालचा आबांचा, वरचा माझा. गाडी फलाटावर आधीच लागलेली होती. आबांना बसवलं, घोंगडी अंगावर घातली आणि मी पाणी आणायला खाली उतरलो. पिशव्या, कापूस, डेटॉल, सगळं सामान माझ्या पाठीवरच्या बॅगेत होतं. हे लक्षात ठेवा.

पाणी घेऊन परत आलो तर समोरच्या सहा बर्थवर एक मोठं कुटुंब सामान लावत होतं. 'सर!' — कुणीतरी ओरडलं. रसिका. माझ्या क्लासची मुलगी, बारावीची, पहिल्या बाकावरची. तिच्या पप्पांचं लातूरच्या गंजगोलाई बाजारात भांड्यांचं दुकान. कल्याणला लग्नाला निघाले होते सगळे. मम्मी, काकू, आणखी कोण कोण. लगेच मला जागा करून दिली. पप्पा म्हणाले, 'या या सर, बसा. एकटेच का?'

आबा समोर बसले होते. हातभर अंतरावर. त्यांनी पाण्याची बाटली घ्यायला हात पुढं केला होता. घोंगडीच्या आत दुसऱ्या हातानं ते पोटाशी काहीतरी चाचपत होते — पिशवी नीट आहे ना ते बघत असणार — आणि तोंड अर्धवट उघडं होतं, दाढी वाढलेली.

मी म्हटलं, 'हो. एकटाच.'

आणि बाटली बॅगेत ठेवली.

का? मला विचारू नका. म्हणजे विचारा, पण जी उत्तरं आहेत ती सगळी किळसवाणी आहेत. आबांचा हात तसाच थोडा वेळ पुढं राहिला. मग त्यांनी तो खिडकीवर नेला आणि काच पुसल्यासारखं केलं. काचेवर काहीच नव्हतं.

गाडी सुटली. मी गप्पा मारल्या. रसिकाची मम्मी म्हणाली, सर, तुम्ही शिकवलं की पोरीला डोळ्यांसमोर दिसतं म्हणे. पप्पांनी विचारलं, हिला मेडिकल मिळेल का? मी ऐटीत बोलत होतो. त्यांनी पुऱ्या दिल्या, बटाट्याची भाजी दिली, मी खाल्ली. आबा ऐकत होते. तुम्हाला वाटेल त्यांचा चेहरा पडला असेल. नाही. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं! आपल्या पोराला शेटलोक सर सर म्हणतायत, याचं कौतुक. त्या माणसानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पोटात काही गेलंच नाही तर पिशवी भरणार नाही, पोराला त्रास होणार नाही, असा त्यांचा हिशेब. आणि मी त्यांच्यासमोर तिसरी पुरी उचलत होतो.

मग सगळे आडवे झाले. मीही वर चढलो, बॅग उशाला घेतली. थंडी तर विचारू नका. खिडकीचं शटर नीट बसत नव्हतं, फटीतून वारा सुरीसारखा आत यायचा. उस्मानाबाद गेलं — आता धाराशिव म्हणतात — आणि मला वास आला.

सगळ्यात आधी मलाच आला. तो वास मी ओळखत होतो, खोलीवर ओकलो होतो ना त्याला. पिशवीची कड सुटली होती. आबा खाली हळूहळू हलत होते, आवाज न करता. एकदा त्यांनी बर्थच्या कडेला बोटानं टकटक केलं, अगदी हलकं. मला बोलावत होते. पिशव्या माझ्या डोक्याखाली होत्या, कापूस माझ्या डोक्याखाली होता. मी चादर नाकावर ओढली. पुन्हा टकटक झाली. मी डोळे मिटले — मिटलेल्या डोळ्यांना कुणी बघणार होतं का? तरी मिटले. तिसऱ्यांदा टकटक झालीच नाही.

थोड्या वेळानं समोर कुणीतरी दिवा लावला. रसिकाची काकू नाकाला पदर लावून उठली. 'अगं बाई, कशाचा वास येऊन राहिला हा?' मग सगळेच उठले. कुणी म्हणालं उंदीर मेला असेल, कुणी म्हणालं संडासाचं दार उघडं राहिलं. मग पप्पांनी मोबाईलचा उजेड आबांवर टाकला. घोंगडी ओली झाली होती. धोतरावर — त्या निळीच्या पांढऱ्या धोतरावर — सगळं पसरलं होतं. आबा दोन्ही हातांनी पोट झाकून बसले होते. बोटांवरही होतं.

'अरे देवा! कोण आहे हो या बाबांसोबत?' पप्पा मोठ्यानं म्हणाले.

मग ते आबांकडं वाकले.

'बाबा, कोण आहे तुमच्यासोबत?'

'कोनी न्हाई,' आबा म्हणाले. 'एकलाच हाव मी.'

'अशा अवस्थेत एकटं सोडतात? लेकरंबाळं मेली का काय?'

तेव्हा मात्र आबांनी मान वर केली. 'न्हाई न्हाई, असं म्हनू नका. लेक हाय मला. लई गुनाचा हाय. बंबईच्या टेसनावर येनार हाय घ्यायला.'

मी वर होतो. त्यांच्या डोक्यावर. एवढंच म्हणायचं होतं — 'हे माझे वडील आहेत.' एवढेच शब्द. इतकी वर्षं मी ते रोज म्हणून बघतो. अंघोळ करताना म्हणतो, गाडी चालवताना म्हणतो. किती सोपे आहेत! उतरलो असतो, बॅग उघडली असती, आबांना धरून संडासाकडं नेलं असतं. लोकांनी काय केलं असतं? काहीच नाही. कदाचित त्या काकूनंच पाणी ओतलं असतं. भली माणसं होती ती, वास सहन होत नव्हता इतकंच.

पण अजून मी तुम्हाला जे सांगायला बसलो ते सांगितलेलं नाही. गप्प राहिलो — एवढंच असतं तर कदाचित एव्हाना सांगून मोकळा झालो असतो. भित्रा माणूस गप्प राहतो, जगात तसे पुष्कळ असतात. मी गप्प राहिलो नाही.

पप्पांनी वर बघून हाक मारली. 'सर, जागे आहात का? तुम्हीच सांगा बरं यांना काहीतरी. बायामाणसं आहेत इथं, झोपायचं कसं?'

मी कोपरावर उठलो. खाली वाकलो. आबांनी वर बघितलं. त्यांचे डोळे मला विनवत नव्हते. नुसते बघत होते, पुढं काय होतं ते. आणि मी क्लासमध्ये बोलतो तशा स्वच्छ आवाजात, स्वच्छ मराठीत म्हणालो —

'काका, तुम्ही जरा तिकडं दाराजवळ जाऊन बसता का? लोकांना त्रास होतोय.'

काका!

आबा लगेच उठले. 'हाव साहेब,' म्हणाले. 'जातो. चुकलं माझं.'

मला साहेब म्हणाले ते. टोमणा नव्हता त्यात. मी जे नाटक मांडलं होतं ते मोडू नये म्हणून ते त्यात उभे राहिले. घोंगडीची गुंडाळी पोटाशी दाबून, एका हातानं बर्थच्या साखळ्या धरत, वाकून ते गेले. काकूनं मागून कागद टाकून सीट पुसली. रसिका माझ्याकडं बघून म्हणाली, 'थँक यू सर.' आणि दिवा गेला.

मी झोपलो का? नाही. पण उठलोही नाही. दोन संडासांच्या मधे ती जागा असते ना, तिथं दाराच्या फटीतून वारा येतो, जमीन ओली असते, लोक थुंकलेले असतात. तिथं आबा होते. अंगावरची एकमेव घोंगडी त्यांना धुवावी लागणार हे मला कळत होतं. माझ्या अंगावर चादर होती, स्वेटर होता, बॅगेत आबांसाठी आईनं दिलेली शालसुद्धा होती. कुर्डुवाडीच्या पुढं मला लघवीला लागली. मी उठलो — ऐका हे — आणि उलट्या बाजूला गेलो. डब्याच्या दुसऱ्या टोकाला. आबा बसले होते त्या बाजूचं संडास जवळ होतं, तरी मी अख्खा डबा पार करून गेलो. आणि परत येऊन पांघरूण घेतलं. ऊब आली तेव्हा बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटते.

कल्याणला ती मंडळी उतरली. मी त्यांच्या बॅगा दारापर्यंत दिल्या — अर्थात दुसऱ्या दारापर्यंत. गाडी हलली, मग मी आबांकडं गेलो.

ते उकिडवे बसले होते. रात्रीत कधीतरी त्यांनी संडासात जाऊन बर्फासारख्या पाण्यानं स्वतःला धुतलं होतं. डोक्याचा रुमाल सोडून, त्याची घडी करून पोटाच्या भोकावर बांधली होती. ओलं धोतर पिळून पुन्हा नेसले होते. ओठ काळेनिळे झाले होते, हातांची बोटं वळत नव्हती. मला बघून म्हणाले, 'गेले का ते लोक?'

मी मान हलवली.

'चांगले होते. तुला लई मान देऊन राहिले होते.' मग थांबून म्हणाले, 'झोप झाली का रे तुझी?'

मी बॅग उघडून पिशवी दिली. दिली — लावली नाही. ती त्यांनीच आत जाऊन लावली, त्या आखडलेल्या बोटांनी. मी संडासाचं दार बाहेरून धरून उभा राहिलो. तेवढी माझी सेवा.

मुंबईत दवाखान्यात त्यांना ताप भरला, छाती भरली. आठवडाभर उपचार लांबले. डॉक्टरांनी विचारलं, थंडीत कुठं भिजले होते का? आबा म्हणाले, न्हाई. मीही नाही म्हटलं. त्या तापानं ते गेले नाहीत. दीड एक वर्ष राहिले. पुढं आईच त्यांच्यासोबत मुंबईला जाऊ लागली. मी कामाचं निमित्त सांगायचो.

आता ऐका. गावी परतल्यावर आबा आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागले — माझ्या लेकानं मला बंबईला नेलं. गाडीत पिशवी फुटली तर अख्ख्या डब्यासमोर आपल्या हातानं धुतलं मला. स्वेटर काढून मला दिला, आपण कुडकुडत बसला. लोक म्हणत होते घाण हाय, तर भांडला त्यांच्यासंग. म्हनला, बाप हाय माझा!

मी पहिल्यांदा हे मामाच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला वाटलं तापात आबांना भास झाला असेल. मग एकदा मी ओसरीवर असताना ते माझ्यासमोरच कुणाला तरी सांगत होते. माझ्याकडं एकदा बघितलं त्यांनी. डोळे लख्ख होते. भासबिस काही नाही. सगळं आठवत होतं त्यांना. का सांगत होते मग? मला माफ केलं होतं? की असा पोरगा आपल्या पोटी आला याची लाज झाकत होते, धोतरावरचा डाग झाकावा तशी? मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, आणि — लपवत नाही — सोयही होती. आईनं तर माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. 'तुला किळस येत हुती ना रे? मला वाटलं न्हाई जमायचं. देवानं बुद्धी दिली.' मी तिला बोटं मोडू दिली.

आबा गेले. तेराव्याला सरपंचांनी माईक घेतला आणि ती गाडीतली गोष्ट सांगितली, तीच, आणखी थोडं मीठमसाला लावून. मी हात जोडून उभा राहिलो. पुढं गावातल्या शाळेनं बोलावलं, मुलांना आईवडिलांच्या सेवेवर चार शब्द सांगा म्हणून. मी गेलो. गेलो, हो! नारळ घेतला, शाल घेतली, आणि बोललो. सुरुवातीला वाटलं होतं, जीभ अडखळेल. नाही अडखळली. तोंडातून ती गोष्ट अशी निघाली की मलाच डोळे पुसावे लागले. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं, पुन्हा गेलो.

परवाची गोष्ट आहे, तिच्यामुळंच लिहायला बसलो. गावाकडचा एक पोरगा लातूरला माझ्या घरी आला. माधव. तिशीचा असेल, देगलूरला खताच्या दुकानात कामाला आहे. त्याच्या वडिलांना हल्लीच तशीच पिशवी लागली. दार लावून घ्या म्हणाला, मग बसला.

'सर,' म्हणाला, 'मला जमंना झालंय. जवळ गेलो की उलटी येते. काल बापाच्या अंगावरच झाली. बाप रडला. तुम्ही कसं केलं हो? त्या डब्यात, एवढ्या लोकांत? मी लई नीच हाव का?'

समोर बसलेला हा एकच माणूस असा होता, ज्याला माझं खरं उपयोगी पडलं असतं. त्याला ओकारी येत होती तरी तो रोज जवळ जात होता. 'अरे, मीही ओकलो होतो. तू माझ्यापेक्षा हजारपट बरा आहेस' — एवढं ऐकलं असतं तर त्याच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. बायको आत चहा टाकत होती. दार लावलेलं होतं. आणि मी काय म्हणालो?

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, 'माधव, बाप म्हणून बघितलं की वास येत नाही रे.'

तो रडला. मान खाली घालून, लहान पोरासारखा. रडत रडत म्हणाला, माझंच मन घाण हाय सर. मी नाही म्हटलं नाही. जाताना तो वाकला आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी पाय मागं घेतले नाहीत.